खासगी किल्ली, मुक्काम पोस्ट सीएचं ऑफिस

बँकेकडून दर महिन्याला मला एक कुलूपबंद पत्र येतं. कुलूप पक्कं असतं. पीडीएफ उघडायला गेलं की आधी पासवर्ड मागते. आणि तो पासवर्ड कसा तयार करायचा, ते त्याच पत्रात वरच्या बाजूला ठळक अक्षरांत, उदाहरणासकट लिहिलेलं असतं. नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढे जन्मतारीख. म्हणजे माझं खातं सुरक्षित राहायचं, तर हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याला माझं नाव आणि जन्मतारीख माहीत नसली पाहिजे. नाव पत्रावरच असतं. जन्मतारीख सोसायटीच्या ग्रुपला माहीत आहे, विमा एजंटाला माहीत आहे, आणि लग्नाच्या वेळी माझ्या पत्रिकेच्या जेवढ्या झेरॉक्स गावोगाव गेल्या त्या सगळ्या घरांना माहीत आहे, वेळ आणि जन्मस्थळासकट. ज्यांनी ‘गुण जुळत नाहीत’ म्हणून कळवलं, त्यांनीही पत्रिका परत पाठवलेली नाही.

आधार कार्डाची पीडीएफ उतरवून घेतली तरी तोच प्रकार. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. सरकारने नमुनेही दिले आहेत. सुरेश कुमार, जन्म १९९०, तर एस, यू, आर, ई आणि १९९०. नाव पी. कुमार असेल तर पी, मग टिंब, मग के आणि यू. रियाची इंग्रजीत तीनच अक्षरं होतात, तेव्हा तिला चौथं माफ. टिंबाचा तो उल्लेख वाचून मला सरकारबद्दल आदर वाटला. कुणीतरी टेबलाशी बसून पी. कुमारचा विचार केलेला आहे.

संगणकवाले याला हसतात. मला यात हसण्यासारखं कमी आणि शहाणपण जास्त दिसतं. ग्राहकाला खरोखरच अवघड पासवर्ड दिला तर तो शाखेत येऊन उभा राहणार, हे बँकेला ठाऊक आहे. त्यामुळे तिने कुलूपही लावलं आणि किल्ली दाराला लटकवूनही ठेवली. कुलूप लावल्याबद्दल वरचे साहेब खूश, दार उघडतं म्हणून ग्राहक खूश.

मूळ विद्या मात्र भारी आहे, त्याबद्दल दुमत नको. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी मांडलं की, किल्ली एकच असण्याची गरज नाही. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असावी. एक जगजाहीर, ती खुशाल चव्हाट्यावर टांगा. दुसरी खासगी, ती जिवात जीव असेपर्यंत कुणाला दाखवू नका. तुमच्या जगजाहीर किल्लीने कुणीही पेटी बंद करून तुम्हाला पाठवावी, ती उघडणार फक्त तुमच्या खासगी किल्लीने. उलट तुम्ही खासगी किल्लीने सही करावी आणि ती खरी की खोटी हे कुणीही जगजाहीर किल्लीने तपासावं. वाचताना हे समजल्यासारखं वाटतं. पान उलटलं की कुठली किल्ली कशाला, याचा घोळ सुरू होतो. तुमचा झाला असेल तर तुम्ही उत्तम संगतीत आहात.

१९९१ साली फिल झिमरमन यांनी हे सगळं घरच्या संगणकावर आणलं. ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’, म्हणजे पीजीपी. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात पक्कं कूटलेखन दारूगोळ्याच्या यादीत होतं. परवान्याशिवाय शस्त्र परदेशी गेलं, या संशयावरून सरकारने झिमरमन यांच्यामागे जवळजवळ तीन वर्षं चौकशी लावली आणि १९९६ मध्ये ती गुंडाळली. सरकारने एवढा जीव काढायला नको होता. हे शस्त्र माणसाला चालवताच येत नव्हतं, हे तीनच वर्षांत सिद्ध झालं.

सिद्ध केलं अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी. त्यांच्या १९९९ च्या निबंधाच्या नावातच, जॉनीला कूटलेखन का जमत नाही, असा प्रश्न होता. बारा माणसं घेतली, ई-मेल सराईतपणे वापरणारी. त्यांना सांगितलं, तुम्ही एका निवडणूक प्रचारात आहात, ही गुप्त योजना सहकाऱ्यांना कुलूप लावून, सही करून पाठवा. वेळ दीड तास. दीड तासात आमच्याकडे वरण-भात-भाजी-पोळी-कोशिंबीर होऊन ओटासुद्धा पुसून होतो. तिथे जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते पत्र नीट पाठवता आलं. तिघांनी गुप्त योजना चुकून उघडीच पाठवून दिली. आणि सात जणांनी पत्राला स्वतःच्याच किल्लीने कुलूप लावलं. म्हणजे सहकाऱ्यांना पाठवलेलं पत्र फक्त पाठवणाऱ्यालाच उघडता येणार. या सात जणांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. सुरक्षिततेचा इतका टोकाचा विचार आजवर कुणी केला नसेल.

पुढे सुधारणा झाली असेल असं वाटतं ना? २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या वेळचं नवं, ब्राउझरमध्येच चालणारं साधन घेतलं आणि दहा जोड्या बसवल्या. एका जोडीला जमलं. नऊ जोड्या एकमेकांना कुलपं पाठवत बसल्या.

यात शिक्षणाचा संबंध नाही. डिसेंबर २०१२ मध्ये एका अनोळखी माणसाने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना लिहिलं की, पीजीपी बसवून घ्या, मला काही महत्त्वाचं सांगायचं आहे. ग्रीनवाल्ड वकिली केलेले, पाळत ठेवणाऱ्या सरकारांवर सतत लिहिणारे. ‘बघतो’ म्हणाले आणि राहून गेलं. त्या माणसाने पायरी-पायरीने कसं बसवायचं याचा व्हिडिओ बनवून पाठवला. तरी राहून गेलं. तो कंटाळून माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याकडे गेला. तो अमेरिकी सरकारची पाळत उघडी पाडणारा एडवर्ड स्नोडेन होता. त्या दशकातली सगळ्यांत मोठी बातमी दारात उभी होती आणि ‘रविवारी निवांत बसून करू’ या सदरात पडली होती. आपल्या घरी फोनचं अपडेट याच सदरात असतं. माणूस सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात खरीखुरी खासगी किल्ली आली ती डीएससीच्या रूपाने, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट. कायदा २००० सालचा. पेनड्राइव्हसारखं दिसणारं एक टोकन, ज्याला सगळा महाराष्ट्र डोंगल म्हणतो. त्याच्या पोटात खासगी किल्ली असते आणि ती बाहेर काढताच येत नाही. कॉपी होत नाही, फॉरवर्ड होत नाही. ही त्यातली खरी करामत. चोराला संगणकात शिरूनही किल्ली पळवता येऊ नये म्हणून हुशार माणसांनी केलेली. लोकांनी यावर सोपा तोडगा काढला. किल्ली टोकनबाहेर येत नाही ना, मग टोकनच देऊन टाकलं.

कुणाला? सीएला. तालुक्याच्या गावी कुठल्याही सीएच्या ऑफिसात बघा. आर्टिकलशिपच्या मुलाच्या टेबलाला खालचा ड्रॉवर असतो, त्यात काजूकतलीचा रिकामा बॉक्स असतो आणि त्या बॉक्समध्ये गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी निवांत पहुडलेली असतात. प्रत्येक डोंगलला रबरबँडने चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, मुदत कधी संपते ती तारीख, आणि पिन. पिन पुष्कळदा १२३४५६७८. टोकन विकत येतं तेव्हा तोच असतो, आणि बदलायचा विषय निघाला की अशील म्हणतं, “तुम्हीच ठेवा साहेब, आमच्या कुठं लक्षात राहतंय.” ऑडिटच्या हंगामात तो बावीस वर्षांचा मुलगा जेवणाच्या सुट्टीआधी चाळीस जणांच्या सह्या करतो. त्याची स्वतःची सही अजून बसलेली नाही, बँकेतून धनादेश परत येतो.

कायद्याचं बेचाळिसावं कलम सांगतं की, सर्टिफिकेट घेणाऱ्याने खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यावी. हे कलम लिहिणाऱ्याने तो बॉक्स पाहिलेला नसावा.

माझे एक काका पुतण्याच्या कंपनीत डायरेक्टर आहेत. कंपनी म्हणजे एक गाळा आणि दोन मशिनं. डीएससीसाठी त्यांचा व्हिडिओ काढायचा होता, कारण सही घेणारा माणूस तोच आहे याची आता कॅमेऱ्यासमोर खात्री करून घेतात. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसले. सीएच्या ऑफिसातला मुलगा फोनवरून सांगत होता, “काका, कॅमेऱ्यात बघा. नाव सांगा. मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा.” काकांनी नाव असं सांगितलं की जणू शपथविधी चाललाय. एवढा सोहळा झाल्यावर टोकन कुरियरने थेट सीएच्या ऑफिसात गेलं. काकांनी आपली सही आजतागायत डोळ्यांनी पाहिलेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “अरे, तिथं सुरक्षित आहे. आपल्या घरात ते कुठल्या कुठं गेलं असतं.”

आणि गंमत म्हणजे काकांचं बरोबर आहे. जन्मभर त्यांनी गावाला जाताना घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली. झाडांना पाणी, दुधाच्या पिशव्या, अचानक आलेला पाहुणा, सगळं वहिनींनी बघितलं. आपल्याकडे किल्ली ही मुळात विश्वासू माणसाकडे ठेवायची वस्तू आहे. संगणकवाल्यांनी अशी किल्ली बनवली की जी सख्ख्या भावालाही द्यायची नाही, आणि मग लोक ती देतात म्हणून कपाळाला हात लावून बसले. फरक काय तो कुणी काकांना सांगितलाच नाही. वहिनी किल्लीने दार उघडतील, फार तर फ्रीज उघडतील. डोंगलने काकांचा डायरेक्टरपदाचा राजीनामा जाऊ शकतो, कंपनीवर बोजा चढू शकतो, आणि ‘ही सही माझी नव्हे’ हे पटवायची जबाबदारी काकांच्या डोक्यावर येते. हे समजावण्याऐवजी आपण त्यांना काय समजावतो? असममित कूटलेखन. काका म्हणतात, “बरं बरं, चहा घेणार का?”

ग्रामपंचायतींची कथा याहून रसाळ. वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन निघतो, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डीएससी लागतात. दोन माणसं, दोन स्वतंत्र किल्ल्या, एकट्याला पैसे काढता येऊ नयेत म्हणून. कागदावर सुरेख रचना. गावात गेलं तर दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या पाऊचमध्ये एकाच चेनखाली. सरपंच बाई असतील तर त्यांचं डोंगल बहुधा पतिराजांच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. स्त्रियांना सत्तेत वाटा मिळावा म्हणून राज्यघटनेत दुरुस्ती झाली, आणि सरपंचपती या पदाला आता हार्डवेअरही मिळालं.

एका वर्गाला मात्र किल्लीची खरी किंमत कळली, तो म्हणजे तलाठी. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात अजून कुणाच्या जिभेवर ते बसलेलं नाही.) २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि पुढे एका मागणीवरून तलाठी चिडले तेव्हा त्यांनी आपापले डीएससी तहसीलदारांकडे जमा करून टाकले. काय झकास हत्यार! घोषणा नाही, मंडप नाही, उपोषण नाही. डोंगल टेबलावर ठेवलं आणि फेरफार थांबले. किल्लीचं व्यवस्थापन या विषयावर मी जेवढं वाचलं त्यात इतकी स्वच्छ समज कुठे दिसली नाही.

बरं, सही झालेला सातबारा तरी सुखाने जगतो का? पीडीएफ उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह. सही खरी असते, पण ती कुणाच्या भरवशावर खरी मानायची हे तुमच्या संगणकाला अजून कुणी सांगितलेलं नसतं. प्रश्नचिन्हावर टिचक्या मारत, पाच खिडक्या उघडत, ‘विश्वास ठेवा’ असं कबूल करायचं, मग कुठे ते हिरवं होतं. एवढं कोण करतो? लोक सरळ प्रिंट काढतात. कागदावर आली की गणिताने बांधलेली ती सही मरते आणि उरतो प्रश्नचिन्हाचा छापील फोटो. पडताळणी क्रमांक खाली छापलेला असतो, पण खिडकीपलीकडचे साहेब तो तपासत नाहीत. ते कागद परत सरकवतात. “यावर सही-शिक्का आणा.” वास्तविक त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की, यास सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. साहेब ते वाचतात आणि म्हणतात, “मग यावरच शिक्का आणा.”

आता दुसरी बाजू. माझी मावशी रोज सकाळी सहा वाजता बावन्न लोकांना गुलाबाचं फूल पाठवते. खाली सुप्रभात, वर स्वामींचा फोटो. हे प्रत्येक फूल ज्या तोडीच्या कूटलेखनात गुंडाळून जातं ते झिमरमन यांना १९९१ मध्ये मिळालं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने शंभर कोटींहून अधिक लोकांच्या संदेशांना एका झटक्यात कुलपं घातली. कुणाला काही विचारलं नाही. किल्ल्या फोननेच बनवल्या, फोननेच एकमेकांना दिल्या, फोननेच बदलल्या. जॉनीला दीड तासात जमलं नाही ते मावशी डोळे चोळत करते, कारण तिच्या हातात कुणी किल्ली दिलीच नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही एकमेव खरी प्रगती. बाकी सगळ्यांनी माणसाला शिकवायला घेतलं होतं.

समोरचा माणूस खरा आहे का हे तपासायला तिथे साठ आकडी सुरक्षा कोड असतो, पाच-पाच आकड्यांचे बारा गट. दोघांनी भेटून जुळवून बघायचा. साठ आकडे भेटून जुळवणारे लोक जगात असतील, पण ते लग्नाला बोलावण्यासारखे नसणार. समोरच्याचा कोड बदलला की सूचना यावी असंही एक सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं. भाच्याने मावशीला ते चालू करून दिलं. हेतू असा की कुणी तोतया मध्ये शिरला तर तिला कळावं. मावशीने दोन दिवसांत त्याचा खरा उपयोग शोधला. कोड बदलतो तो बहुतेक वेळा माणसाने फोन बदलला म्हणून. “धाकट्या वन्संचा कोड बदललाय,” ती मला सांगते, “म्हणजे नवीन फोन घेतला. आणि परवा भिशीचे पैसे द्यायला नाहीत म्हणत होत्या.”

किल्ली हातात न देण्याची ही युक्ती एका ठिकाणी थांबते. किल्ली हरवली तर? व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये साठवणीच्या संदेशांनाही कुलूप लावायची सोय दिली, आणि त्यासाठी एकतर पासवर्ड ठेवा नाहीतर चौसष्ट आकडी किल्ली जपा म्हणून सांगितलं. विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरचे सात हजारांवर बिटकॉइन असेच एका ड्राइव्हमध्ये बंद आहेत. दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की ड्राइव्ह कायमची मिटते. आठ वेळा टाकून झालाय. पासवर्ड कागदावर लिहिला होता, तो कागद हरवला. आमच्याकडे जिची टिंगल होते ती काकांची डायरी इथे आठवावी. गॅसचा ग्राहक क्रमांक, त्याखाली नेट बँकिंगचा पासवर्ड, त्याखाली वामकुक्षीत सुचलेला गीतेवरचा एक विचार. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की, चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा, कागदाचे तुकडे जपायला माणसाला जमतं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तज्ज्ञाला एवढं कळायला इतकी वर्षं लागली, याचं वाटलं.

तरी एक पेच उरतो. एकट्याने जपावी तर हरवते, दुसऱ्याला द्यावी तर तो मालक होतो. याचं उत्तर १९७९ पासून तयार आहे. आदि शमीर यांनी दाखवलं की, किल्लीचे तुकडे अशा रीतीने करता येतात की ठरावीक संख्येने लोक जमले तर ती पुन्हा जुळते, आणि एकजण जरी कमी असला तरी हाती काहीच लागत नाही. थोडी मुलीकडे, थोडी वहिनींकडे, थोडी सीएकडे. काकांचा स्वभाव आणि गणित, दोघांचं समाधान. इतकी वर्षं ही सोय पडून आहे आणि घराघरांत ती जवळजवळ कुणीच आणली नाही. याचा मला खरंच राग येतो.

शमीर यांच्या त्या निबंधाची सुरुवात एका कोड्याने होते. अकरा शास्त्रज्ञ आहेत. त्यांचं कपाट किमान सहा जण हजर असतील तरच उघडावं. साधी कुलपं लावली तर किती लागतील? उत्तर: ४६२ कुलपं, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या खिशात २५२ किल्ल्या. हे अकरा आणि सहा कुठेतरी पाहिलेत असं मला वाटत होतं. गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत, शंभरपर्यंत सभासद असतील तर व्यवस्थापक समिती अकरा जणांची, आणि गणपूर्ती सहाची! शमीर यांनी नकळत आमच्या सोसायटीचंच कपाट सोडवलं होतं.

मी उत्साहाने सेक्रेटरींकडे गेलो. त्यांना म्हटलं, आपल्या बँकेच्या पासवर्डचे अकरा तुकडे करू, ४६२ कुलपांची गरज नाही, प्रत्येकाला एक छोटी चिठ्ठी पुरे. सहा जण आले की उघडेल, पाच आले तर ब्रह्मदेवालाही उघडणार नाही.

सेक्रेटरी बराच वेळ गप्प राहिले. गेल्या कित्येक सभांचं हजेरीपुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं.

“आणि सहा जण नाही आले तर?”

“नाही उघडणार.”

“तीच सभा अर्ध्या तासाने पुन्हा बोलावली, तरी?”

“तरी नाही.”

“अहो, पण सर्वसाधारण सभेला तर तेव्हा गणपूर्तीची अट नसते,” ते म्हणाले. “तुमच्या शमीरसाहेबांना उपविधी पाठवा एकदा.”